उंडीखालचं गाऱ्हाणं

“उद्या रजा टाक गो वैजू,” तातूकाका दारातूनच म्हणाले.

त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. ती त्यांनी आईकडे दिली आणि आईनं कागद न सोडता तशीच फडताळात ठेवली. पितृपक्ष चालू होता, बाबांचा म्हाळ तोंडावर आला होता. बाबांच्या पानात ठेवायची दारू दर वर्षी काकाच आणून देत. त्यासाठी त्यांना निरोप धाडावा लागत नसे.

मी म्हटलं, रजा कशाला? मला काय धाड भरलीय? तर म्हणाले, त्या उंडीखाली तू नकोस, बाकीचे बघतील. मला हसूच आलं. रोज सकाळी त्याच झाडाखालून दाताळं ओढत मी किनाऱ्यावर जाते, आणि आज यांना माझी काळजी सुचलीय.

“काका, उद्या दिगू चढता हा,” मी म्हटलं. “तुमचो झील. तेची दोरी मी धरूक नाय तर कोण धरतलो? तो बाबल? तो उभ्यान झोपता.”

एरवी आमच्या जुन्या गड्याचं, बाबलचं नाव काढलं की काका खो खो हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. आईनं पुढे केलेला चहा अर्धा प्यायले, अर्धा कपात तसाच ठेवला आणि उठून गेले. केवढी माया करतो हा माणूस, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू?

हे तातू धुरी म्हणजे आमच्या शहराच्या उद्यान विभागातले निवृत्त मुकादम आणि माझ्या बाबांचे जिवलग. दोघांनी मिळून अर्ध्या शहराची झाडं छाटली. बाबा वर चढायचे, काका खाली दोरी धरायचे. बाबा गेल्यावर कचेरीत खेटे घालघालून मला त्यांच्या जागी चिकटवलं तेही काकांनीच. तेव्हा मी नुकती बारावी झाले होते. सकाळी भरतीनं आणून टाकलेला कचरा ओढायचा, मग बागेत पाणी, खुरपणी, आणि छाटणी असेल तेव्हा दोरी. दोरीला बाई म्हणून आधी सगळे फिदीफिदी हसले. पुढे असं झालं की वैजू खाली नसेल तर गडी झाडाला हात लावायला तयार होईनात.

बाबा गेले ते ह्या उंडीवरूनच. बंदराजवळच्या आमच्या बागेत, अगदी वाळूला लागून, हे उंडीचं जुनाट झाड आहे. बुंध्याला तिघांनी कवेत घ्यावं एवढं. त्यावरून ते पडले. सगळ्या शहरात एकच गोष्ट झाली की विश्राम चिंदरकर दारू पिऊन झाडावर चढला, कमरेला दोरी बांधली नाही आणि पडला. अंगाला दारूचा भपकारा मारत होता. जमलेल्यांनी हुंगला, पंचनाम्याला आलेल्यांनी हुंगला, आणि तेच लिहिलं गेलं. शुद्धीत असलेला माणूस दोरी बांधल्याशिवाय चढेल कशाला, असं सगळेच म्हणाले, आणि ते पटण्यासारखंच होतं.

बाबा एके काळी प्यायचे, नाही असं नाही. मी लहान असताना तापानं फणफणले होते आणि हे कुठेतरी पडलेले. आईनं मला एकटीनं उचलून दवाखाना गाठला. शुद्धीवर आल्यावर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, पुन्हा शिवणार नाही. आणि शिवले नाहीत, असं आम्ही समजून होतो. म्हणून ते पिऊन पडले हे कळलं तेव्हा त्यांच्या मरणापेक्षा मला माझ्या डोक्यावरची शपथ मोडल्याचा घाव जास्त लागला. मी बापासाठी धड रडलेसुद्धा नाही. शाळेतल्या पोरी “बेवड्याची वैजू” म्हणायच्या ते विसरले, पण ह्या माणसाला माफ केलं नाही.

पहिल्या म्हाळाला कावळा पानाला शिवेना. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, बाबांना आवडायचं ते सगळं आईनं वाढलं होतं. उन्हं कलली तरी कावळा फांदीवरून हलेना. शेजारचं कोणीतरी म्हणालं, अरे, त्याचं खरं आवडतं राहिलं की. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका उठले, कुठूनशी बाटली घेऊन आले. आईनं पेला भरून पानात ठेवला आणि कावळा आला. झालं, तेव्हापासून दर वर्षी पेला. आई तो ठेवताना एक अक्षर बोलत नसे, पण असा आपटून ठेवायची की अर्धी दारू वड्यांवर सांडायची.

काकांची स्वतःची एक छोटी होडी होती. सुट्टीच्या दिवशी मासे मारायला जायचे. बाबा गेल्यापासून ती त्यांनी पाण्यात घातली नाही, किनाऱ्यावर उलटी पडून ती कुजून गेली. लोक म्हणायचे, मित्र गेला तसा तातूचा जीवच उडाला. मीसुद्धा तेच म्हणायची.

तर काका मला रजा टाक म्हणाले त्या वर्षी पावसाळ्यात उंडीची एक मोठी फांदी वाळली आणि नेमकी मुलांच्या झोपाळ्यांवर लोंबकळायला लागली. झोपाळे आम्ही साखळीनं बांधून ठेवले, तरी पोरं खालून घुसायचीच. वाघचौरे म्हणून नवे साहेब घाटावरून आलेले. त्यांनी शिडीची गाडी मागवली, ती वाळूत रुतली. ती ओढायला दुसरी आणली, तीही रुतली. दोन दिवस गावाला फुकटचा तमाशा झाला. शेवटी ठरलं की माणूसच चढवायचा.

बाबांनंतर त्या झाडावर कुणी चढलं नव्हतं. नाव काढलं की गड्यांची पोटं दुखायची. मग दिगू म्हणाला, मी चढतो. तातूकाकांचा हा एकुलता मुलगा आमच्याकडे कंत्राटावर होता, कायम व्हायची वाट बघत होता आणि बायकोचे दिवस भरत आले होते. काका म्हणे त्याच्या पाया पडायचे बाकी राहिले होते, पण तो ऐकेना. तेव्हा काकाच म्हणाले, मग गाऱ्हाणं मी घालतो, त्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही.

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. जागा त्याची, आपण पाहुणे. मोठं झाड तोडायचं-छाटायचं तर त्याला नारळ, विडी आणि थोडी दारू ठेवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. एकानं मोठ्यानं मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचं. मंडळींनी होकार दिला नाही तर ते मागणं पोचत नाही. आणि राखणदारासमोर उभं राहून खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही, मग तो एरवी कितीही थापाड्या असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. हवा स्वच्छ होती. साहेब, बाबल, दिगू, आणखी चार-पाच गडी, फिरायला आलेली काही माणसं, असे आम्ही उंडीखाली जमलो. मी दोरी वाळूवर पसरून हाताखालून काढत होते. वर जायच्या आधी दोरी टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपायची, ही माझी खोड. कुणी शिकवलेली नाही. गडी म्हणायचे, वैजू म्हणजे तांदूळ निवडल्यासारखी दोरी निवडते. मान वर करून बघते तर काका माझ्या हातांकडे एकटक बघत होते. बघता बघता ते वाळूत खालीच बसले.

दिगू धावला. बाबलनं पाणी दिलं. साहेब म्हणाले, “म्हातारबुवांना झेपत नसेल तर राहू दे ना ते.” काकांनी मान हलवली आणि झाडाला धरून उभे राहिले. मला म्हणाले, “वैजू, तू थोडी लांब जा गो.” मी म्हटलं, दोरी इथं आणि मी लांब कशी जाऊ? काका सावरेपर्यंत दोरी वरच्या फांदीवरून टाकून तिचं एक टोक मी शेजारच्या सुरूच्या बुंध्याला एक वेढा देऊन हातात धरलं होतं. दिगूच्या कमरेला दुसरं टोक बांधून झालं होतं, गाठ मीच तपासली होती.

काका झाडाकडे वळले. मग बुंध्याशी नारळ ठेवला, विडी ठेवली, दारूच्या बाटलीचं झाकण काढलं आणि हात जोडले.

“हे बा राखणदारा म्हाराजा, ह्या जाग्येच्या मालका, ह्या दर्यादेगेच्या धन्या...”

“व्हय म्हाराजा,” आम्ही सगळे म्हणालो.

“आज ही तुझी लेकरा तुझ्या दारात इली हत. तुका नारळ-विडी ठेवली हा, ती गोड मानून घी रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

“आज जो कोण तुझ्या अंगाखांद्यार चढता हा, तो जसो वर जायत तसो सुखरूप खाली येव दी रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

काकांचा आवाज गाऱ्हाण्यात नेहमी कसा खणखणीत लागायचा. त्या दिवशी सुरुवातीला तो तसाच होता. गाऱ्हाण्याची एक लय असते. एकदा लागली की आपण शब्द ऐकत नाही, वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं. माझं लक्ष दिगूच्या गाठीकडे होतं.

“कोणाकडसून काय चुकला-माकला असात तर पदरात घी रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

“माझ्याकडसून चुकला हा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्याच झाडावरसून विश्राम पडलो. तेच्या कमरेक दोरी होती, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. मीसुद्धा. हसतमुखानं म्हणाले असेन, नेहमीसारखी.

“ती दोरी मी आदल्या दिवशी होडी ओढूक नेलेलंय. कालवांच्या धारेच्या खडपार घासान ती काचली. माका म्हायत होता. काचलेलो भाग मी वेटोळ्याच्या आत घातलंय आणि बोलूक नाय, म्हाराजा.”

ह्या वेळी “व्हय म्हाराजा” फाटक्या आवाजात आलं. अर्धे गप्प झाले होते. बाबलनं माझ्याकडे पाहिलं. मला अजून काही कळलं नव्हतं. कळलं नव्हतं म्हणजे शब्द कानात गेले होते, पण आत पोचत नव्हते. कोणाची दोरी? कुठला विश्राम? दुसरा कोणी विश्राम असेल, असं चक्क माझ्या मनात आलं.

“विश्राम पडलो, तेव्हा बाबल चायेक गेलेलो. मी एकटोच होतंय. तेच्या कमरेची तुटकी दोरी मी सोडलंय आणि दर्यात टाकलंय. तुका आणलेली दारू होती, ती मी तेच्या अंगार ओतलंय. तोंडात ओतलंय.” काकांनी कपाळ बुंध्याला टेकवलं. “विश्राम दारू पिवक नव्हतो, म्हाराजा.”

लाटेचा आवाज तेवढा. आणि त्या शांततेत एक आवाज आला, “व्हय म्हाराजा.” तो माझा होता. माझ्या तोंडून निघाला हे मला माझ्याच कानांनी ऐकून कळलं.

बाबांच्या शर्टाचा तो वास मला आठवला. ते घरी आणले तेव्हा मी नाक दाबून मागे सरकले होते. मेलेल्या बापाच्या जवळ गेले नव्हते मी, त्या वासानं. आणि ती दारू देवाची होती, ह्याच झाडाखालची. रोज सकाळी मी किनाऱ्यावरून दोऱ्यांचे तुकडे ओढते. किती ओढले, किती जाळले. त्यातला एखादा त्यांच्या कमरेचा असेल. पण हातातली दोरी सुटली नाही. हात काय ते त्यांचं काम करत होते.

काका आता रडत होते, पण थांबले नाहीत.

“तेची जी काय शिक्षा असात ती माझ्या माथ्यार घाल. माझ्या झिलाक सोड. तेका सुखरूप खाली आण रे म्हाराजा.”

इथे होकार द्यायचा होता. हेच तर मुख्य मागणं. कुणी तोंड उघडेना. गडी एकेक करून माझ्याकडे बघायला लागले. काका जोडलेले हात तसेच धरून वाट बघत होते. मग मला समजलं की आदल्या संध्याकाळी ते दारात कशासाठी आले होते. माझी काळजी नव्हती ती. बोलायचं तर माझ्यासमोर बोलावं लागेल आणि न बोललं तर राखणदार पोराला सोडणार नाही, ह्या दोन्हींच्या मध्ये ते रात्रभर तळमळले असणार. त्यांना जे कबूल करायचं होतं ते राखणदारापाशी, माझ्यापाशी नव्हे. मी तिथे फक्त होते, दोरी धरून.

मी होकार दिला नाही.

“काय चाललंय हे?” साहेबांनी विचारलं. त्यांना आमची भाषा निम्मीच कळायची. बाबल त्यांच्या कानाशी लागला. साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, आज राहू दे, काम बंद करा. बाबल माझ्याजवळ आला आणि दोरी घ्यायला त्यानं हात पुढे केला.

“दोरयेक हात लावू नको,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

दिगू बुंध्याशी उभा होता. कमरेला दोरी बांधलेली. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, ते त्याच्या तोंडाकडे बघून आंधळ्यालाही कळलं असतं. तो बापाकडे बघत नव्हता. माझ्याकडेही नाही. दोरीकडे बघत होता, त्याच्या कमरेपासून माझ्या हातापर्यंत. मग तो म्हणाला,

“वैजूताय, तू धरतलंस तर मी चढतंय.”

त्याला नाही म्हणता आलं असतं. साहेबांनी काम बंदच केलं होतं. पण त्याला आजच आणि माझ्याच दोरीवर चढायचं होतं, आणि का ते मला कळत होतं. बापानं केलेलं फेडायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. आमची एक खूण आहे. खालचा तयार असला की दोरीला दोन हिसके द्यायचे. मी दोन हिसके दिले.

काका “नको रे, नको” म्हणत पुढे आले. गड्यांनी त्यांना धरलं.

दिगू चढला. मी दोरी ओढून घेत गेले, वेढ्यावर वेढा. डोळ्यांसमोर धुकं होतं, पण तळहाताला कळत होतं तो कुठे आहे, कुठल्या फांदीला पाय देतोय, कुठे थांबलाय. दोरी हेच सांगते. बाबांच्या वेळी काकांच्या तळहातालाही असंच कळलं असणार. दोरी एकदम हलकी झाली असणार. त्या हातांना ते अजून आठवत असेल का, असं मनात आलं आणि पहिल्यांदाच राग आला. असा राग की दात कडकड वाजायला लागले. त्याच रागात मी दोरी आणखी घट्ट धरली. राग सोडायला हात मोकळे नव्हते माझे.

वर करवत चालू झाली. भुसा खाली पडत होता. वाळकी फांदी कडाडली आणि झोपाळ्यांच्या पलीकडे वाळूत आदळली. फांदी गेल्याबरोबर मोठा धक्का बसून खोडाची वरची बाजू हलली, दिगूचा पाय सुटला आणि तो लोंबकळला. सगळा भार माझ्या हातात आला. दोरी तळव्यातून दोन बोटं सरकली, कातडी गेली, आणि वेढ्यावर थांबली. काका ओरडले नाहीत. ते गुडघ्यांवर बसून माझ्या हातांकडे बघत होते. झाडाकडे नाही, मुलाकडे नाही, माझ्या हातांकडे. मीही त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात मी कुणाकडे इतका वेळ बघितलेलं नाही.

मग दिगूला फांदी सापडली. मी हळूहळू दोरी सोडत गेले आणि तो उतरला. त्याचे दोन्ही पाय वाळूला लागले तेव्हा कुठे मी राहिलेला होकार दिला.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

काका वाळूत तोंड घालून रडायला लागले. मी दिगूच्या कमरेची गाठ सोडली, दोरीचं वेटोळं केलं, खांद्याला अडकवलं. माझे तळवे सोलून निघाले होते, दोरीला रक्त लागलं होतं. काकांजवळ जाऊन मी म्हटलं, “उठा. आई घराक आसा.”

ते मुकाट्यानं उठले आणि माझ्या मागून चालायला लागले. बागेतून, बंदराच्या रस्त्यानं, बाजारातून. दिगू त्यांच्या मागे. वाटेत कुणीतरी विचारलं, काय तातू, खय? काकांनी मान वर केली नाही.

आई ओटीवर बसून म्हाळासाठी वाटाणे निवडत होती. काकांना आमच्याकडे खुर्ची असायची, ती तिनं पुढे केली. ते बसले नाहीत. उभ्यानंच, खाली मान घालून, उंडीखाली जे म्हणाले ते सगळं परत म्हणाले. इथे कुणी होकार द्यायला नव्हतं. आई सुपातल्या वाटाण्यांवर हात ठेवून ऐकत राहिली. मला वाटलं ती किंचाळेल, सूप फेकेल. मी तिची मुलगी, मी फेकलं असतं.

आईनं एवढंच विचारलं, “पिवक नव्हते?”

“नाय वयनी.”

“थेंबभरसुद्धा?”

“नाय. तेना पोरीची शपथ घेतलेली. माका म्हणायचो, तातू, माझ्यासमोर बाटली उघडू नको.”

आई उठली आणि आत गेली. आम्हाला वाटलं ती परत येईल. ती आली नाही. बऱ्याच वेळानं काका पायरी उतरले. ते आमच्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. दुसऱ्या दिवशी दिगूला घेऊन पोलिसांकडे गेले, कचेरीत गेले, सगळं सांगितलं. जुनं प्रकरण, बघू म्हणाले. शहराला मात्र एका दिवसात कळलं. बाजारात मासेवाल्या मला हाक मारून म्हणायच्या, गो, विश्रामाची वैजू ना तू? त्यात “बेवड्याची” नव्हतं. मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. मी टोपली घेऊन तिथंच बाजारात मोठ्यानं रडले, बाबा गेले तेव्हाचं सगळं.

म्हाळाच्या दिवशी आईनं पान वाढलं. वडे, सांबारं, खीर. मग ती फडताळाकडे गेली. कागदात गुंडाळलेली बाटली तिथंच होती. तिनं ती काढली, परसात जाऊन माडाच्या मुळात रिकामी केली, रिकामी बाटली धुतली आणि पालथी घातली. दर वर्षीचाच तो पेला घासूनपुसून घेतला आणि त्यात चहा ओतला. बिनदुधाचा, गूळ घातलेला, बाबा झाडावर चढायच्या आधी प्यायचे तसा. तो तिनं पानात इतका हळू ठेवला की थेंब सांडला नाही.

पानासमोर ती उकिडवी बसली. कावळा अजून आला नव्हता. डोक्यावरचा पदर सारखा करून ती पानाशी बोलल्यासारखी म्हणाली,

“इतकी वर्सा मी तुमका दारू वाढलंय. एकदा तरी नको म्हणूक होया होता.”